सरपंचाच्या टाकीतले उकळलेले दगड

आमच्या धंद्याला सगळ्यात जास्त भीती कुणाची असेल, तर ती स्वच्छ माणसांची. आळशी माणसाच्या घरी मासे जगतात, खोटं नाही सांगत. तो टाकीत हातच घालत नाही. पण ज्या घरात फरशीत चेहरा दिसतो आणि पितळेचे डबे ओळीनं चकाकत असतात, तिथून फोन आला की मी काही विचारायच्या आधीच मिठाची पिशवी स्कूटीला लावते. आता हे मी दिवाळी अंकात लिहितेय, म्हणजे तुमच्या घरात नुकताच झाडू फिरून गेलेला असणार. वाचणाऱ्या बायांनो, राग मानू नका. पुढचं वाचा आणि मग काय ते ठरवा.

मी शालन. भोसरीला राहते आणि घरोघरच्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळते. खाऱ्या पाण्याच्या म्हणजे समुद्रातले मासे ठेवतात त्या. गोल्डफिशचं भांडं वेगळं, हे वेगळं. पिंपरीपासून चाकणपर्यंत जिथे म्हणून कुणी हौसेनं समुद्र घरात आणून ठेवलाय, तिथे मला 'मीठवाल्या मावशी' म्हणतात. शिक्षण विचाराल तर आठवी. आमचे मालक लेथवर काम करायचे आणि आम्ही भाड्याच्या खोलीत राहायचो. आमच्या खोलीखाली माशांचं दुकान होतं. त्याच्या पंपाची दिवसभर घरघर चालायची. एक दिवस पदर खोचून भांडायला म्हणून खाली उतरले आणि तिथे निळ्या रंगाचा एक मासा माझ्याकडे बघत होता. भांडण राहिलं बाजूला. 'हा खातो काय?' असं मी विचारलं, आणि तिथून जे विचारत सुटले ते अजून थांबलेले नाही. दुकानदार कंटाळून म्हणाला, "ताई, एवढं विचारता, तर टाक्या पुसायलाच या." गेले. अशी आमची पदवी.

या धंद्यातली मुख्य गोष्ट म्हणजे अमोनिया. ती एकदा समजली की पुढची गंमत कळेल, म्हणून जरा दमानं ऐका.

मासा खातो, तसा तो घाणही करतो. ती घाण, उरलेलं खाणं, मेलेलं काही असेल ते, सगळं कुजून पाण्यात अमोनिया होतो. समुद्राचं काय हो, तो एवढा मोठा आहे, त्याला पत्ताही लागत नाही. पण तुमची टाकी असते कपाटाएवढी. त्यात अमोनिया साठला की माशाचे कल्ले जळतात. आणि खाऱ्या पाण्यात तर तो जास्तच चावतो. चाकणची माणसं म्हणतात, "मावशी, अमोनिया असता तर वास आला नसता का?" बर्फाच्या कारखान्यात अमोनिया वापरतात, तिथे एकदा गळती झाली की आयुष्यभर तो वास नाकात राहतो, त्यामुळे त्यांना वाटतं, वास नाही म्हणजे अमोनिया नाही. पण माशाला मारायला जेवढा लागतो, तेवढ्याचा वास तुम्हाआम्हाला येत नाही. पाणी दिसायलाही काचेसारखं स्वच्छ असतं. म्हणून आम्ही काचेच्या नळीत पाणी घेतो आणि त्यात औषधाचे थेंब टाकतो. पिवळं राहिलं तर बरं. हिरव्याकडे झुकलं की हात धुऊन कामाला लागायचं.

मग हा अमोनिया संपवतो कोण? तर दगड. म्हणजे दगडातले जीव. डोळ्यांना दिसत नाहीत, पण टाकीतल्या भोकाभोकांच्या दगडांवर ते वस्ती करून असतात. ते अमोनिया खातात आणि कमी विषारी करून सोडतात. आता हे लोकांना समजावताना मी सूक्ष्मजीव वगैरे म्हणतच नाही. मी म्हणते विरजण. दुधाचं दही कसं होतं? आपोआप नाही होत, विरजण लागतं. त्याला वेळ द्यावा लागतो आणि जागा उबदार लागते. टाकीचंही तसंच. नवी टाकी भरली की कित्येक आठवडे रिकामी ठेवायची आणि तिचं विरजण लागू द्यायचं. एवढंच सांगायचं असतं आणि एवढंच कुणी ऐकत नाही. मोशीला एकांनी वास्तुशांतीच्या दिवशीच टाकी भरून त्याच दिवशी मासे सोडले. आलेला प्रत्येक पाहुणा टाकीत चिमूटभर खाणं टाकत होता, कारण पहिल्यांदा कुणाच्या घरी जाऊन त्यांच्या जिवांना उपाशी बघायचं म्हणजे कसंतरीच. संध्याकाळी सत्यनारायणाचा प्रसादही पडला होता त्यात. केळ्यासकट. दुसऱ्या एका हौशी गृहस्थांनी किराणा दुकानातनं खडेमीठ आणून समुद्र बनवला आणि वर मला विचारलं, "आयोडीनचं नकोय ना? मी बिनआयोडीनचं आणलंय." एवढा विचार केला होता बिचाऱ्यांनी.

पण लिहायला बसले ते महाळुंग्याच्या सरपंचासाठी.

महाळुंग्याला दत्ताभाऊंचा बंगला आहे. घर मूळचं तिथलंच, शेतकरी. आता शेतात कंपन्या उभ्या आहेत आणि दत्ताभाऊंच्या बसगाड्या त्या कंपन्यांच्या कामगारांची ने-आण करतात. हॉलमध्ये भिंतभर टाकी. टाकीत दोन पट्टेरी मासे आणि एक काटेरी फुगा. हा फुगा म्हणजे तळहाताएवढा, मोठ्या डोळ्यांचा मासा. चिडला किंवा घाबरला की पाणी पिऊन चेंडूसारखा फुगतो आणि अंगावरचे काटे उभे राहतात. माणसं ओळखतो, काचेशी येऊन शेपूट हलवतो, कुत्र्यासारखा. त्याचं नाव दत्ताभाऊंच्या आईनं ठेवलं. दत्ताभाऊ नुकतेच सरपंचाच्या निवडणुकीत पडले होते. पेढ्यांची आगाऊ ऑर्डर तशीच होती. तेव्हा ही म्हातारी टाकीसमोर बसून म्हणाली, "तुला न्हाई जमलं तर न्हाई. घरात सरपंच आलाय." झालं, त्या दिवसापासून तो सरपंच.

म्हातारीचं नाव हिराबाई. मी त्यांना आक्का म्हणते. स्वतः माळकरी नाहीत, पण हाताला स्वच्छतेचा रोग. तुळशीवृंदावनाला रोज पाणी घालायच्या आधी ते धुणार, मग पाणी घालणार. सरपंचाला मात्र त्या स्वतःच्या हातानं कोळंबी भरवायच्या, टरफलासकट. त्याचे दात वाढत राहतात, त्याला कडक खाणं लागतं. सून सुजाता, म्हणजे दत्ताभाऊंची बायको, मला एकदा म्हणाली, "मावशी, आमच्या लग्नापासून आत्यांनी मला एक घास भरवला नाही. आणि हा मेला, ह्याला टरफलं सोलायची का, असं विचारतात!"

त्या वर्षी घट बसायच्या थोडं आधी तिचा फोन आला. "मावशी, सरपंच कोपऱ्यात बसलेत. बोलवलं तरी येईनात. आणि ते दोन पट्टेवाले गेले."

मी पोचले तेव्हा हॉलमध्ये फैसला चालू होता. दत्ताभाऊ उभे आणि सुजाता खाली मान घालून. "फरशीचं ते वासाचं नवीन औषध कुणी आणलं? तूच ना? टाकीत गेलं असणार. आईचा जीव आहे त्या माशावर, कळतं का तुला?" आक्का कडेला दिवाणावर फुलवाती वळत बसलेल्या. एरवी मी आले की 'ये गं शालन' म्हणून जागा करून देणाऱ्या, त्या दिवशी वर बघेनात.

मी टाकीकडे बघितलं आणि हातातली पिशवी तशीच खाली ठेवली. दगड पांढरे होते. एरवी जांभळट-तपकिरी असतात, त्यावर काही हिरवं, काही गुलाबी चिकटलेलं. इथे नुकत्याच चुना दिलेल्या भिंतीसारखे पांढरेशुभ्र. टाकीखालच्या गाळणीच्या डब्यातल्या, विरजणासाठी ठेवलेल्या चिनीमातीच्या नळ्याही चकचकीत. पाणी तपासलं तर काचेच्या नळीतलं पाणी पिस्त्यासारखं हिरवं. सरपंच कोपऱ्यात तळाशी बसून भराभर श्वास घेत होता, डोळ्यांवर साय आल्यासारखी.

"दगड कुणी धुतले?" मी विचारलं.

दिवाणावरनं आवाज आला, "धुयाचं कशाला? म्हातारं झालं असतील. पांढरं व्हणारच."

"आक्का, दगडांचे केस नसतात."

"शालन, तू आधी मासा बघ. दगड कुटं पळून चाललंत?"

दत्ताभाऊंना तेवढ्यात नवीन धागा मिळाला. "सुजाता, साफसफाई तुझ्याकडे होती ना? म्हणजे दगडपण तूच!" सुजाता म्हणाली, "मी हात नाही लावला." आणि ते म्हणाले, "मग काय आईनं धुतले?" असं म्हणून स्वतःच हसले, कारण त्यांच्या डोक्यात तशी शंका यायला जागाच नव्हती. मला मात्र आक्कांची बोटं दिसत होती. धुण्याच्या सोड्यानं सालपटं निघालेली, चिरा पडलेली बोटं. त्या बोटांना फुलवातीचा कापूस अडकत होता.

पाणी प्यायच्या निमित्तानं मी स्वैपाकघरात गेले. मागोमाग आक्का आल्या. दार लोटलं आणि एकदम विचारलं, "शालन, माशाचं सुतक असतं का गं?"

"का हो?"

"घट बसायचेत. घरात जीव गेला, तो बी आपल्या हातनं, तर देवीला कसं बसवायचं?" मग सगळं बाहेर पडलं. आमच्या इकडं घटाच्या आधी सगळं घर धुऊन निघतं. गोधड्या सोड्यात उकळायच्या, बडवायच्या, गच्चीवर वाळत घालायच्या. माजघर, फडताळ, देव्हारा, काही सुटत नाही. आक्कांच्या नजरेनं घरातली एकच गोष्ट सुटली होती, सरपंचाची खोली. त्या दगडांवर शेवाळ, घाण आणि किडे! सुजाता बाजारात गेली तेव्हा त्यांनी दगड एकेक करून बाहेर काढले, परसातल्या चुलीवर गोधड्यांच्याच पाण्यात सोडा घालून उकळले, काथ्यानं घासले आणि गच्चीवर गोधड्यांशेजारी वाळवले. नळ्याही काढल्या. परत लावताना एकाच गोष्टीचं समाधान त्यांना वाटलं होतं, की देवीच्या आधी सरपंचाचं घर लख्ख झालं.

(इथे एक मधेच सांगते, कारण नंतर विसरेन. समुद्राचे दगड कधी उकळू नका. माशांचं राहू द्या, तुमच्या जिवासाठी सांगते. काही दगडांवर असे जीव चिकटलेले असतात की त्यांची वाफ नाकात गेली तर माणूस दवाखान्यात जातो. आक्कांच्या दगडांवर ते नव्हते, देवीची कृपा.)

मी त्यांना समजावलं. "आक्का, तुम्ही विरजणच उकळलंत. दगडाच्या पोटात जे जिवंत होतं ते सगळं मेलं आणि ते मेलेलं आता टाकीत कुजतंय. सोड्यानं अमोनिया आणखी चावरा झालाय."

आक्का खाली पाटावर बसल्या. "दत्त्याला सांगू नगंस."

"आणि सुजाताला बोलणी बसतायत त्याचं?"

त्यांनी सोललेली बोटं पदराखाली घेतली. "ऐक. सरपंच जगला तर म्या ह्याच तोंडानं सांगीन, सगळ्यांम्होरं. मेला तर न्हाई सांगायची. मग मला तोंडच न्हाई राहायचं."

म्हणजे बघा काय झालं! आजवर मी मासे वाचवले ते माशांसाठी आणि माझ्या नावासाठी. आता एका सुनेची सुटका त्या फुग्याच्या कल्ल्यांवर येऊन ठेपली. सांगावंसं वाटलं मला, तिथल्या तिथे. पण आक्कांनी सांगितलं ते मी सांगणं वेगळं आणि त्यांनी सांगणं वेगळं. सुनेला सासूच्या तोंडून हवं असतं.

सोबत आणलेल्या तयार खाऱ्या पाण्यानं बरंचसं पाणी बदललं, अमोनिया बांधून ठेवणारं औषध घातलं, हवेचा पंप जोरात लावला. खाणं बंद. पण हे सगळं म्हणजे तापात कपाळावर पट्टी ठेवण्यासारखं. खरं औषध एकच, लागलेलं विरजण. कुणाच्या तरी जुन्या, सुदृढ टाकीतले जिवंत दगड.

असे दगड माझ्या माहितीत एकाच माणसाकडे होते. पिंपरीचे कांबळेसाहेब. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीमध्ये होते, आता रिटायर. आयुष्यभर पार्ट तपासले, आता पाणी तपासतात. घरात बुद्धाच्या मूर्तीशेजारी टाकी, आणि सकाळी तिच्यासमोर ते एकटेच शांत बसतात. त्या वेळी फोन केलेला त्यांना चालत नाही. त्यांच्या टाकीचं पाणी मी कधी पिवळ्याशिवाय बघितलं नाही. खरं तर त्यांना माझी गरजच नाही. माझ्याकडून काम करून घेतात ते माझं काम तपासायला मिळावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी, शांत बसण्याची वेळ टळल्यावर मी त्यांच्या दारात.

"दगड पाहिजेत? किती? कशासाठी? रिजेक्शनचं कारण काय?" त्यांनी उभ्या उभ्या विचारलं.

"एका घरी टाकीचं विरजण गेलंय, साहेब."

"गेलं म्हणजे? आपोआप काही जात नाही, शालनताई."

मी म्हटलं, घरगुती मामला आहे. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "देतो. पण सोबत मी येणार. पार्ट लाईनवर बसेपर्यंत जबाबदारी पाठवणाऱ्याची असते. आणि दगड पाण्याबाहेर काढायचे नाहीत. पाण्यातच जातील, हवेसकट."

आता दोन मोठे झाकणाचे टब, खारं पाणी, त्यात दगड आणि वर बॅटरीचा पंप. स्कूटीवर कसे नेणार? दत्ताभाऊंना फोन केला. ते म्हणाले, "मावशी, सेकंड शिफ्टची बस पिंपरीवरनंच जाते. आईसाठी काय वाटेल ते. ड्रायव्हरला सांगतो, तुम्ही चढा."

अशी आमची वरात निघाली. कामगार आपापल्या सीटवर, आणि मधल्या वाटेत दोन टब. कांबळेसाहेब एका टबावर हात ठेवून बसलेले, इस्त्रीच्या शर्टात, जणू ऑडिटला चाललेत. मी दुसऱ्यापाशी. टबातून बुडबुड आवाज येत होता. मागच्या सीटवरचा एक पोरगेला कामगार वाकून वाकून बघायला लागला.

"मावशी, ह्यात मासे कुठंयत?"

"मासे नाहीत. दगड आहेत."

"मग हवा कुणाला चाललीय?"

"दगडालाच."

तो शेजारच्याला म्हणाला, "भावा, आपला सुपरवायझर पण दगडच आहे, पण त्याला हवा नाही लागत. आपणच लागतो." सगळी बस हसली. कांबळेसाहेबही हसले असावेत, पण त्यांनी चष्मा पुसला त्यामुळे नीट दिसलं नाही.

पुढे ट्रॅफिक. चाकणचं ट्रॅफिक तुम्हाला माहीत नसेल तर तुमचं नशीब. ट्रेलर, कंटेनर, कांद्याच्या गाड्या आणि त्यांच्यामध्ये आमची बस खिळ्यासारखी ठोकलेली. ऊन चढलेलं. इंचभर पुढे जाईना. आणि तेवढ्यात माझ्या टबातली बुडबुड थांबली. बॅटरी संपली. थोड्याच वेळानं दुसरीही.

"आता?" मी म्हटलं.

"आता पाण्यातली हवा कमी होत जाणार. गरम पाणी, बंद टब." कांबळेसाहेब उठून उभे राहिले आणि अख्ख्या बसला उद्देशून म्हणाले, "मित्रांनो, जेवणाच्या डब्यांची झाकणं द्या. रिकामी, कोरडी. आणि तेलकट नकोत!"

झाकणं आली. एकेकाचं झाकण साहेबांनी तपासलं, दोन परत केली. "ह्याला लोणचं लागलंय. रिजेक्ट." मग मी दाखवलं तसं झाकणानं पाणी वर उचलायचं आणि वरून सोडायचं, म्हणजे पाण्यात हवा जाते. बसमधले सगळे पाळीपाळीनं करायला लागले. कुणी म्हणे, आमच्या कंपनीत मशीन गार ठेवायच्या कूलंटला पण असंच करतात. कुणी म्हणे, माझी पाळी जास्त झाली, मला ओव्हरटाइम लावा. तो मघाचा पोरगा तर इतका रंगला की त्याचा थांबा आला तरी उतरेना. "मावशी, एवढे दगड जगवले, आता मध्येच सोडून जायचं व्हय?" त्याला हाकलून उतरवला, नाही तर त्याची हजेरी गेली असती.

महाळुंग्यात पोचलो तेव्हा सरपंच तसाच कोपऱ्यात. आक्का टाकीसमोर पाट टाकून बसलेल्या. कांबळेसाहेबांनी पाणी तपासलं, दगड टाकीशेजारी ठेवले, आणि लावायच्या आधी हात झटकून म्हणाले, "आता कारण सांगा. कारण कळल्याशिवाय नवीन पार्ट बसवायचा नसतो. उद्या हेही दगड कुणी उकळले तर?"

उकळले हा शब्द त्यांनी कुठून काढला, मी सांगितला नव्हता. पण पांढऱ्या दगडाकडे एकदा बघितलं की जाणत्याला विचारावं लागत नाही. दत्ताभाऊंनी सुजाताकडे बघितलं. सुजातानं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

"न्हाई उकळायचं कुणी," आक्का म्हणाल्या. "माझा शब्द हाय."

कांबळेसाहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांच्या बोटांकडे. मग एकही प्रश्न न विचारता बाह्या वर करून दगड लावायला घेतले. दत्ताभाऊ मात्र म्हणाले, "बघ, आई किती मोठ्या मनाची. तुझी चूक पदरात घेतली." सुजाता आत निघून गेली. मला वाटलं, आत्ता आक्का बोलतील. त्यांनी तोंड उघडलंही. आणि मिटलं. सरपंच अजून कोपऱ्यात होता ना.

घट बसले. घरात सामिष बंद, म्हणजे कोळंबी बंद, आणि मीही खाणं बंदच सांगितलेलं. फुग्याला तेवढी उपाशी राहायची सवय असते, घाबरायचं कारण नसतं. आक्कांनी सगळ्यांना सांगून टाकलं की सरपंचानं उपास धरलाय. घट बघायला येणाऱ्या बाया आधी देवीला हळदकुंकू वाहत आणि मग टाकीपाशी जाऊन म्हणत, "ह्यांचा बी उपास? आन् काय खात्यात?" एकीनं तर साबुदाणा आणला होता. आक्कांनी तिला दारातनंच परत पाठवलं, पाण्यात एक दाणा पडू दिला नाही. जी बाई तोवर येणाऱ्या-जाणाऱ्याला 'टाक गं थोडं, बिचारा बघतोय' म्हणायची, ती आता टाकीवर पहाऱ्याला.

मी एक दिवसाआड जात होते. कांबळेसाहेब रोज. "माझा माल आहे," म्हणायचे. नळी हलवायची, उजेडात धरायची. आक्का शेजारी उभ्या राहून विचारायच्या, "पिस्ता का?" ते म्हणायचे, "पिस्ता. पण फिकट." कधी कधी परत चढायचा, तेव्हा पुन्हा पाणी बदलायचं, पुन्हा मीठ कालवायचं. मधे एके दिवशी सरपंच आडवाच झाला. मी मनातल्या मनात हात टेकले होते. सुजाता त्या दिवशी देवीपुढे बसून काय पुटपुटत होती, तर, "आई, हा गेला तर मी जन्मभर ऐकून घेईन, पण आत्यांना तरी हे बघायला लावू नकोस." तिला ठाऊक होतं हो! पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. गच्चीवर गोधड्यांशेजारी पडलेले दगडांचे पांढरे डाग तिनंच पुसले होते, तसं तिनं मला त्या दिवशी सांगितलं. मी हे आक्कांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, ते अजून मला कळत नाही.

मग हळूहळू फिकट पिस्त्याचा पिवळा झाला. एके सकाळी कांबळेसाहेबांनी नळी धरली आणि काही न बोलता आक्कांच्या हातात दिली. हळदीसारखं पिवळं. आक्का म्हणाल्या, "आता म्या काय करू?" ते म्हणाले, "काही नाही. काही करायचं नाही, हेच करायचं."

दसऱ्याला घट उठले, घरात पुन्हा रस्सा शिजला, आणि आक्कांनी कोळंबी धरली पाण्यात. सरपंच आला. आधी लांबूनच बघितलं. एका डोळ्यावर ती साय थोडी राहिली होती, ती आजही आहे. मग आला आणि टरफलासकट कड् करून तोडली. म्हातारीनं लगेच दुसरी उचलली.

आता आली वेळ शब्द पाळायची. संध्याकाळी सोनं द्यायला भावकी जमली. आक्का मधोमध उभ्या राहिल्या. "मला एक सांगायचंय," म्हणाल्या. सगळे ऐकायला लागले. आक्कांनी सुजाताकडे बघितलं, दत्ताभाऊंकडे बघितलं, घसा साफ केला. आणि म्हणाल्या, "जेवून जावा सगळे."

मी कपाळावर हात मारला. आतल्या खोलीत गाठून म्हटलं, "आक्का, हेच का तोंड?"

"न्हाई फुटत गं," त्या म्हणाल्या. "पन्नास वर्सं ह्या घरात मी कुणाला चुकले म्हनलं न्हाई. आता शब्दच येत न्हाई तोंडात. कसं म्हनत्यात ते बी ठावं न्हाई."

मला वाटलं, संपलं. सुनेच्या वाट्याला ते दगड कायमचे आले. पुढच्या खेपेला गेले तर टाकीच्या वर भिंतीला पत्र्याची पाटी. दत्ताभाऊंच्या बसच्या पुढच्या काचेत गावांच्या नावांच्या पाट्या असतात ना, त्याच पेंटरनं रंगवलेली. लाल पत्र्यावर पिवळी अक्षरं, खाली फुलाची वेलबुट्टी. आक्कांनी ड्रायव्हरला सोबत घेऊन जाऊन स्वतः सांगून लिहून घेतलेली:

'सूचना. हे दगड घटाच्या आधी हिराबाईने उकळले. सुनेने नाही. पुन्हा कोणी उकळू नयेत.'

दत्ताभाऊ पाटीखाली उभे, चेहरा उतरलेला. मला वाटतं माणूस निवडणुकीत पडल्यावरही एवढा उतरला नसेल. म्हणाले, "आई, आम्हाला घरात सांगितलं असतंस. पाहुणेरावळे येतात. लोक वाचतील की!"

"वाचू देत," आक्का म्हणाल्या. "ह्या घरात वाचाया न येणारी मी एकटीच. आन् मला काय लिवलंय ते पाठ हाय."

कांबळेसाहेबांनी येऊन पाटी दोनदा वाचली आणि मान हलवली. म्हणाले, कारण, उपाय आणि जबाबदारी, तिन्ही एका पत्र्यावर. आमच्या कंपनीत एवढं कुणाला जमलं नव्हतं. दगड त्यांनी परत मागितले नाहीत.

ते दोन पट्टेरी मासे गेले त्याचं मला वाईट वाटतं. समुद्रातले जीव असे महाळुंग्यात आणून बसवावेत का, हा प्रश्न मला कुणी विचारत नाही, पण टाकीत हात घातला की मीच मला विचारते. तोवर निदान पाणी तरी नीट ठेवते.

सरपंच आहे अजून. महिन्यातून एकदा मी जाते, काच आतून-बाहेरून पुसते, नळी हलवते, पिवळं बघते. वरच्या पाटीला मात्र मला हात लावू देत नाहीत. ती सुजाता पुसते. रोज.